शाब्दिक उदाहरणांत आकड्यांची घाई नको

संपादक महोदय,

‘एकूण’ दिसले की बेरीज आणि ‘जास्त’ दिसले तरी बेरीजच, अशी खूणशब्दांची युक्ती शाब्दिक उदाहरणांसाठी सर्रास शिकवली जाते आणि ती मुलांचे नुकसान करते, असे मला कळकळीने वाटते. ‘रमाकडे १२ पुस्तके आहेत, ती सीमाच्या पुस्तकांपेक्षा ५ने जास्त आहेत, तर सीमाकडे किती?’ येथे खूणशब्दामागे धावणारा विद्यार्थी १७ लिहितो. उत्तर मात्र ७ आहे. १९८०च्या सुमारास फ्रान्समध्ये मुलांना जहाजावरील २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या सांगून कप्तानाचे वय विचारले गेले, तेव्हा कितीतरी मुलांनी ३६ असे उत्तर दिले. ही मुले मठ्ठ नव्हती. दिलेल्या आकड्यांवर काहीतरी क्रिया करायचीच असते, एवढेच त्यांच्या मनावर बिंबले होते.

म्हणून आधी आकडे झाकून उदाहरण वाचावे, काय घडले ते मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगावे आणि नंतर कागदावर दोघांच्या संख्येसाठी एकेक अशा दोन पट्ट्या काढून कोणाची लांब, कोणाची आखूड हे दाखवावे. पट्टी काढताच सीमाची पुस्तके कमी आहेत, हे न सांगता दिसते. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली मांडलेल्या चार टप्प्यांत पहिला समजून घेण्याचा आणि शेवटचा उत्तराकडे पुन्हा पाहण्याचा आहे, आणि वर्गात नेमके हेच दोन वगळले जातात. परीक्षेतही केवळ अंतिम उत्तराला नव्हे, तर आकृतीला आणि योग्य मांडणीलाही गुण द्यावेत, अशी माझी विनंती आहे.

– एक गणित शिक्षक