रात्री चार वेळा लागलेला दिवा

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

फोन रोजच होतो, तरी आज कागद घेऊन बसले. फोनवर हे माझ्या तोंडून निघालं नसतं. बाबा, पत्र जास्त करून तुम्हालाच आहे. आई, तूही वाच, पण त्यांना पाठीशी घालू नकोस.

संक्रांतीला आले तेव्हा मी सोप्यात झोपले होते. रात्री न्हाणीकडचा दिवा चार वेळा लागला. आम्हाला जाग येऊ नये म्हणून तुम्ही अनवाणी जात होतात. आत बराच वेळ काहीच नाही, मग थांबत थांबत धार, मग तांब्यातलं पाणी अगदी हळू ओतलेलं. सकाळी विचारलं तर म्हणालात, "झोप मस्त झाली." नंतर आईनं सांगितलं, संध्याकाळी पाचनंतर तुम्ही पाण्याला शिवत नाही. आणि सांगलीचं लग्न चुकवलंत ते गुडघ्यामुळे नाही, वाटेत गाडी थांबवायला सांगावं लागेल म्हणून. बत्तीस वर्षं एसटी चालवलेला माझा बाप दोन तासांच्या प्रवासाला घाबरतो, हे मनातून जातच नाही.

"वय झालं की व्हायचंच," असं आई म्हणाली. खरं आहे. पुरुषांच्या मूत्राशयाच्या खाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, तरुणपणी साधारण अक्रोडाएवढी. वयाबरोबर ती वाढते आणि तिच्यातून जाणारी लघवीची नळी आवळली जाते. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांची ती वाढलेली असते. पण म्हणून अंगावर काढायचं नसतं. लघवी आत साठत राहिली की जंतुसंसर्ग होतो, मुतखडे होतात, पुढे किडनीवर ताण येतो. शिवाय कारण प्रोस्टेटच असेल असंही नाही. साखर वाढली तरी रात्री सारखं उठावं लागतं, आणि आजोबांना साखर होती.

आमच्या शेजारच्या काकांचं सांगते. त्यांनाही दोन वर्षं हाच त्रास, घरात कुणाला पत्ता नाही. पावसाळ्यात सर्दी झाली म्हणून दुकानातून गोळ्या आणून घेतल्या. सर्दीच्या काही गोळ्यांनी वाढलेल्या प्रोस्टेटवाल्याची लघवी एकदम अडू शकते. रात्री दोन वाजता ओटीपोट दगडासारखं झालं होतं, काका घामानं भिजलेले. दवाखान्यात नळी घातली तेव्हा सुटका झाली. बाबा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय सर्दीची गोळी घेऊ नका, एवढं तरी आजपासून ऐका.

मुलीनं बापाला हे असं लिहावं का, याचा मी आठवडाभर विचार केला. माझ्या बाळंतपणात तुम्ही दवाखान्याच्या बाकावर रात्र काढलीत, डॉक्टरांना नको नको ते विचारलंत, तेव्हा तुम्ही लाजला नाहीत. मग मीही लाजणार नाही.

तपासण्या फार नाहीत. लघवीची, रक्तातल्या साखरेची, किडनीची, आणि डॉक्टर म्हणाले तर पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं एक प्रथिन मोजायची. ते वाढलं म्हणजे कॅन्सरच असं मुळीच नाही, नुसत्या सुजेनं किंवा संसर्गानंही वाढतं. सोनोग्राफी दोनदा करतात, आधी लघवी रोखून, मग करून आल्यावर, म्हणजे आत किती उरली ते दिसतं. बऱ्याच जणांचं गोळ्यांवर भागतं. पण काही गोळ्यांनी उठताना चक्कर येते आणि तुम्ही बीपीचीही गोळी घेता, तेव्हा तीही पट्टी डॉक्टरांना दाखवायची. आणि बाबा, ती गोळी डोकं दुखलं की घ्यायची नसते. बीपी वाढलेलं बहुतेक वेळा कळतच नाही. ती रोज, ठरल्या वेळेला.

तंबाखूचं तुम्हाला माहीत आहे, मी किती रडले आहे ते. आज एवढंच मागते, त्याच फेरीत डॉक्टरांना तोंड आतून बघू द्या. डाव्या गालात, जिथे तुम्ही चुना-तंबाखूची गोळी धरता, तिथे पांढुरका चट्टा दिसला मला, तुम्ही हसलात तेव्हा. सोडायची मनापासून इच्छा झाली तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत. बाबा, मला ती इच्छा बघायची आहे.

एक काम तुमच्या हातचं आहे. लॉगशीट भरायचात ना, तशी तीन दिवसांची भरा. किती वाजता गेलात, किती झाली, किती पाणी प्यायलात. मापाला आईनं जुना प्लॅस्टिकचा मग द्यावा, त्यावर मी मागच्या खेपेलाच मिलीच्या रेघा मारून ठेवल्या आहेत, न्हाणीच्या कोनाड्यात आहे. डॉक्टरांना तोंडानं सांगायला जड गेलं तर कागद पुढे करायचा. दिवसा पाणी नेहमीसारखं प्या, फक्त रात्री झोपायच्या दोन तास आधी कमी करा, आणि संध्याकाळचा चहा बंद.

मी शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. सोमवारी नऊला नंबर लावला आहे. रविवारी रात्री जेवल्यावर काही खायचं नाही, साधं पाणी चालेल. आत मी येणार नाही, बाहेर बसेन. आई, त्यांचा चष्मा आणि जुने रिपोर्ट पिशवीत भरून ठेव.

तुमची,
ताई