तिचं वाक्य तुम्ही तोडलं नाहीत

प्रिय फिजिओथेरपिस्ट ताई,

हे पत्र मराठीत आहे, तेव्हा तुम्हाला वाचता येणार नाही. नवरा पोर्तुगीजमध्ये सांगेलच. पण माझ्या माणसांना हे कळावं असं फार वाटतंय, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. माझ्या सासूबाईंना शागास नावाचा आजार आहे हे नाशिकला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "हे काय असतं?" ब्राझीलमधल्या बेलो ओरिझोंची शहरात मात्र हे नाव सगळ्यांना माहीत आहे, तरी मोठ्याने कुणी उच्चारत नाही.

सासूबाई तिथल्याच मिनास जेराइस राज्याच्या उत्तर भागातल्या. १९०९ मध्ये डॉक्टर कार्लोस शागास यांनी ज्या लसान्सी गावात हा आजार ओळखला, तिथून त्यांचं गाव फार लांब नाही. घर कुडाचं, वर मातीचा गिलावा, आणि भिंतींच्या भेगांत बार्बेइरू किडे. ते रात्री बाहेर पडतात, झोपलेल्या माणसाचं रक्त पितात आणि तिथेच विष्ठा टाकतात. तिच्यातून परजीवी शरीरात शिरतो. मग वर्षानुवर्षं काहीच होत नाही. साधारण दहातल्या तिघांना पुढे कधीतरी हृदयाचं दुखणं लागतं. सासूबाई त्या तिघांतल्या. हृदय पसरलं, ठोके चुकायला लागले, पेसमेकर बसला.

आणि बोलणं तुटायला लागलं. ही बाई म्हणजे अख्ख्या गल्लीची गोष्टी सांगणारी! आता चार शब्द झाले की थांबा, मग श्वास, मग पुढचे तीन शब्द. तुमच्या आधी ज्यांच्याकडे गेलो त्यांच्यापैकी कुणालाही तेवढा धीर नव्हता. एका मोठ्या डॉक्टरांनी तर सगळे प्रश्न माझ्या नवऱ्यालाच विचारले, जणू आई खोलीत नव्हतीच. दुसऱ्यांनी "लहानपणी घर मातीचं होतं का?" हे अशा सुरात विचारलं की त्या घरी येईपर्यंत गप्प होत्या. फुप्फुसं स्वच्छ, ऑक्सिजन ठीक, म्हणजे काळजी करतात म्हणून धाप लागते, असा निकाल एकाने दिला. "वय झालं, आराम करा" हे तर प्रत्येकाने सांगितलं.

तुम्ही "चालताना काय होतं?" असं विचारलंत. आई सांगायला लागल्या आणि मध्येच अडल्या. मी सवयीने वाक्य पुरं करायला तोंड उघडलं, तर तुम्ही माझ्याकडे न बघता हात जरासा वर केलात. आईंकडे बघत राहिलात. दोनदा, तीनदा वाक्य तुटलं तरी मध्ये बोलला नाहीत, घड्याळाकडे नजर नाही, पेनसुद्धा हलवलं नाहीत. आई शेवटपर्यंत पोचल्या. शेवटचा शब्द आला तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला होता, ते तुम्ही पाहिलंत.

ताई, तो वर केलेला हात माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढे तुम्ही नळीत जोर लावून श्वास ओढायला सांगितलात आणि ताकद मोजलीत. त्या वयाच्या बाईकडून अपेक्षा असते त्याच्या निम्मीसुद्धा भरली नाही. तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी आम्हाला समजावलं की श्वास घेणं हेही स्नायूंचंच काम आहे. हृदय दुबळं झालं की श्वासपटलाची, म्हणजे श्वास ओढणाऱ्या मुख्य स्नायूची, ताकदही कमी होते. आणि ते थकलं की शरीर पायांचं रक्त कमी करून श्वासाकडे वळवतं, म्हणून चढावर आधी पाय हरतात. "हृदय मला बदलता येणार नाही, पण हा स्नायू कमावता येतो," एवढंच तुम्ही म्हणालात. खोटी आशा दाखवली नाहीत, त्याचे वेगळे आभार.

मग ते स्प्रिंगचं छोटं प्लॅस्टिकचं यंत्र आलं. नाकाला चिमटा लावायचा आणि तोंडाने श्वास ओढायचा. सुरुवातीला जोर त्यांच्या ताकदीच्या तीस टक्क्यांवर, पुढे हळूहळू वाढवत न्यायचा. चिमटा लावल्यावर आपण बदकासारख्या दिसतो असं आईंचं म्हणणं. पण रोज करतात, टीव्हीवरची मालिका चालू असताना.

तुमच्या विद्येपेक्षा तुमची माणुसकी मोठी, असं म्हणायचा मोह होतोय. ते खरं नाही. त्या दिवशी तुम्ही नुसत्या ऐकत नव्हता, किती शब्दांवर श्वास तुटतो तेही मोजत होता, हे मला नंतर कळलं. चांगुलपणाला हुशारीची जोड मिळते तेव्हा काय होतं ते मी पाहिलं. नुसती हुशारी आम्ही त्याआधी भरपूर पाहिली होती, फी भरून.

हृदय आहे तसंच आहे. गोळ्या चालू आहेत, पेसमेकरची तपासणी चालू आहे. पण परवा जेवताना आईंनी गावातल्या लग्नातून पळालेल्या बैलाची गोष्ट सांगितली. दोनदाच थांबल्या, त्यातही एकदा हसू आवरेना म्हणून. ती गोष्ट त्यांना तुम्हालाही ऐकवायची आहे. लांबलचक आहे. तेव्हा पुढच्या खेपेला त्यांच्यामागची वेळ कुणाला देऊ नका.

तुमची,
एका पेशंटची सून