दुकानाबद्दल, सविस्तर

ब्रॅम्प्टन,
महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी

ती. नाना व सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. थंडी यंदा जरा जास्तच आहे, पण घरात हीटर आहे, अंगावर दोन-तीन थर असतात आणि डिंकाच्या लाडवांचा डबा अजून संपलेला नाही, तेव्हा त्यावर वेगळं विचारू नका. खोकला गेला. जेवणही वेळेवर होतं. बाकी रोजचं तुम्हाला फोनवर कळतंच.

पत्र लिहायचं कारण असं की रविवारी नानांनी "दुकान कशाचं आहे गं?" एवढंच विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत फोन आईच्या हातात गेला. मग आईने कोथिंबिरीचा भाव विचारला. मीही सांगितला. म्हणून हे छोटीच्या मोबाइलवर पाठवते आहे. छोटी, सावकाश वाच आणि आजी ओसरीवर असेल तर आतल्या खोलीत वाच.

पाटलांच्या धाकट्याने सांगितलं ते खरं आहे. दुकान गांजाचं आहे. फक्त त्याने ज्या सुरात सांगितलं असेल, तसलं ते नाही. मी लपवलं नव्हतं. "एका दुकानात सुपरवायझर आहे" म्हटलं होतं, तेही खरंच आहे. पुढे कोणी विचारलं नाही, मग राहून गेलं.

आधी कायद्याचं सांगते, कारण नानांना तेच हवं असणार. १७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडात मोठ्या माणसांना गांजा विकत घेता येतो, ओढता येतो. असं करणारा उरुग्वेनंतर हा दुसरा देश. औषध म्हणून तर २००१ पासूनच परवानगी होती. आमच्या ओंटारियो प्रांतात वय १९ लागतं. शेजारच्या क्वेबेक प्रांताने आधी १८ ठेवलं होतं, ते २०२० साली २१ केलं. बाहेर जाताना अंगावर ३० ग्रॅमपर्यंत सुका माल चालतो. अल्पवयीनाला विकला तर १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून पंचविशीच्या आतलं वाटेल अशा प्रत्येकाचं ओळखपत्र मी बघते. नोकरीआधी सरकारमान्य प्रशिक्षण घ्यावं लागतं, तेही मी केलं आहे. दुकानाच्या काचा दुधी आहेत, बाहेरून पोरांना माल दिसत नाही. आत कुणी ओढत नाही. सगळं सीलबंद येतं. आई, "तो धूर दिवसभर तुझ्या नाकात जात असेल" हे तुझं म्हणणं तिथेच संपतं. धूर मला बसस्टॉपवर लागतो, दुकानात नाही.

आणि हो, तू न विचारलेलं पण मनात असलेलंही सांगते. मी घेत नाही. कधी घेतलाही नाही. इथे हे कुणाला खरं वाटत नाही आणि तिथे तुम्हाला वाटणार नाही, त्याला माझा इलाज नाही.

नंतर पंतप्रधान झालेल्या ट्रुडोंनी २०१५ च्या निवडणुकीत हे वचन दिलं तेव्हा मुद्दे दोन होते. बंदी असूनही पोरांना गांजा मिळतोच आहे, आणि पैसा गुंडांच्या खिशात जातो आहे. दुसरा मुद्दा बऱ्यापैकी साधला म्हणायचा. घेणारे बहुतेक जण आता दुकानातून घेतात, एका पुडीसाठी पोलिसांनी धरलं असं फारसं होत नाही, आणि ग्रॅममागे निदान एक डॉलर उत्पादनशुल्क सरकारकडे जातं. पहिल्यावर अजून भांडण आहे. शेजारच्या मिसिसागा शहराने २०२३ पर्यंत एकही दुकान उघडू दिलं नाही. आमच्या ब्रॅम्प्टनने सुरुवातीपासून हो म्हटलं, आणि आता एकेका चौकात दोन-दोन आहेत. हे मलाही पटत नाही. गुरुद्वाऱ्यात भेटणाऱ्या बायका मला तोंडावर विचारतात, "बेटा, और कोई काम नहीं मिला?"

आता इथल्या लोकांची एक गंमत सांगायलाच हवी, त्याशिवाय दुकान कसं असतं ते डोळ्यांसमोर यायचं नाही. काउंटरवर आम्ही लहान बरण्या ठेवतो. प्रत्येकीत गांजाचं एकच बोंड, झाकणाला भिंग आणि बारीक भोकं. बरणी कुलूपबंद असते, हात लावता येत नाही, फक्त बघायचं आणि वास घ्यायचा. तर माणसं येतात, हातमोजे काढतात, टोपी काढतात आणि एकेक बरणी नाकाशी नेऊन डोळे मिटतात. नाना आंब्याच्या देठाशी नाक नेऊन गप्प उभे राहतात ना बाजारात, हुबेहूब तसं. मग एक जण म्हणतो, लिंबू. त्याची बायको म्हणते, नाही, डिझेल. मागचा अनोळखी म्हणतो, ओल्या मातीचा वास आहे, आणि मग तिघं मिळून चर्चा करतात. रांग दारापर्यंत गेली तरी कुणी घाई करत नाही. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते चूक नाहीत. लिंबाच्या सालीतलं लिमोनीन आणि देवदाराच्या जातीच्या झाडांतलं पायनीन या झाडातही असतं. पण एवढं करून निवडलेला माल बाहेर नेऊन जाळायचाच असतो! तोही घरात नाही. घरमालक घरात ओढू देत नाहीत, म्हणून उणे पंधरा अंशांत, फुटपाथवर, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत. साडेतीन ग्रॅमची पुडी का, तीनची किंवा पाचची का नाही, हेही मला बरेच दिवस कळलं नव्हतं. औंसाचा आठवा भाग तो. कॅनडा लिटर-किलोत आला, पण गांजा मागेच राहिला. येणाऱ्यांत पोरं कमी आणि रिटायर झालेले जास्त, हेही तुम्हाला खरं वाटणार नाही. सत्तरीच्या एक बाई दर आठवड्याला झोपेसाठी गोळ्या नेतात. चघळायच्या, फळांच्या चवीच्या. अख्ख्या पाकिटात १० मिलिग्रॅमच टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, असायची मुभा आहे. त्या एका गोळीचे सुरीने चार तुकडे करतात आणि चौथा भाग खातात.

आई, या बाईंपाशी माझी खरी अडचण होते. त्या विचारतात, याने गुडघा दुखायचा थांबेल का? आणि मला उत्तर द्यायला बंदी आहे. दुकानातल्या माणसाने अमुक दुखण्यावर अमुक घ्या असं म्हणायचं नाही, असा नियमच आहे. चार वर्षं बी.फार्म. केलं, फार्माकॉलॉजीत वर्गात पहिली आले, आणि इथे "पाकिटावर लिहिलंय ते वाचा, डॉक्टरांना विचारा" एवढंच म्हणते. औषध म्हणून याचा उपयोग आहेच. केमोथेरपीच्या मळमळीवर, मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातल्या वेदनांवर, आणि यातलं सीबीडी म्हणून जे नशा न आणणारं द्रव्य आहे त्याचा मुलांच्या काही दुर्मिळ फिट्समध्ये. पण गुडघे, मधुमेह, कॅन्सर बरा होतो वगैरे जे काकांच्या मोबाइलवर फिरतं, त्याला आधार नाही. तेव्हा काका, आजीच्या गुडघ्यासाठी गांजाचं "ते तेल" मी पाठवणार नाही. इथून टपालाने देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे, आणि तिकडे पार्सल उघडलं तर त्यावर पत्ता नानांचा असेल. आजीला शेक द्या आणि शिरपूरच्या डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करायला लावा.

त्रासाचंही सांगते, नाहीतर म्हणाल दुकानाची बाजू घेते. हल्लीच्या मालात टीएचसी वीस-पंचवीस टक्के असतं. बाबा लोकांच्या चिलमीतलं त्याच्या किती तरी खाली असायचं. घेणाऱ्या साधारण अकरांत एकाला सवय जडते, कोवळ्या वयात सुरू केलं तर सहांत एकाला. मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो. रोज, कडक माल घेणाऱ्या पोरांत भ्रम होणं, आवाज ऐकू येणं याचा धोका वाढतो, आणि घरात आधीच कुणाला तसा आजार असेल तर फारच. एक मुलगा यायचा, त्याला सारख्या उलट्या व्हायच्या आणि गरम पाण्याखाली उभं राहिलं की बरं वाटायचं. त्यावरही तो गांजाच वाढवत होता. अनेक वर्षं रोज ओढणाऱ्यांना होणारा हा ओळखीचा आजार आहे, बंद केलं की थांबतो. मी त्याला एवढंच म्हटलं की डॉक्टरांना अंघोळीचंही सांग. नियमात बसलं की नाही कोण जाणे.

सगळ्यात वाईट त्या खायच्या गोळ्या. ओढलेला लगेच चढतो, खाल्लेला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही. "काहीच होत नाही" म्हणून माणूस दुसरी खातो आणि मग रात्रभर हॉस्पिटलात. २०२० च्या सुरुवातीला या गोळ्या आमच्याकडच्या दुकानांत आल्या आणि नंतर ओंटारियोत लहान मुलांना दवाखान्यात दाखल करण्याचं प्रमाण बरंच वाढलं. घरात राहिलेलं पोराने चॉकलेट समजून खाल्लं की झालं. क्वेबेकने म्हणूनच चॉकलेट, मिठाईसारख्या वस्तू विकायलाच मना केलं. मी मत दिलं असतं तर त्या बाजूने दिलं असतं.

काकांचा दुसरा प्रश्न, "आपला महादेव पितो, मग आपल्याकडे बंदी का?" काका, १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली, त्यात जुन्या वहिवाटी बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत होती. ती संपत आली तेव्हा १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आला. फुलोऱ्याचे शेंडे, म्हणजे गांजा, आणि चरस गुन्ह्यात, पानं आणि बिया बाहेर. म्हणून भांग राज्याराज्यावर सोडलेली, आणि आपल्याकडे तिलाही परवाना लागतो. उद्या मंदिरात ठंडाई वाटतील तेव्हा हे लक्षात असू द्या. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला सर्वांत घातक यादीतून काढायचं मतदान झालं तेव्हा भारताने "काढा" म्हणून मत दिलं, आपला कायदा मात्र आहे तसाच आहे.

आणि "कापसाला भाव नाही, आपल्यालाही परवाना मिळाला तर?" हे पारावरचं बोलणं मनातूनही काढा. इथे परवाना शेतकऱ्याला नाही, कंपन्यांना मिळाला. काचघरं, कॅमेरे, शेअर बाजार. सगळ्यांनी इतकं पिकवलं की टनावारी माल नष्ट करावा लागला, भाव पडला आणि कितीतरी कंपन्या बुडाल्या. कापसाचंच गणित, फक्त इंग्रजीत.

नाना, एक गोष्ट मात्र मी तुमच्याशी बोलू शकत नाही, म्हणून लिहिते. इथे एका घरात चार झाडं लावता येतात. माझ्या घरमालकीणबाईंनी परसात टोमॅटोशेजारी लावली होती. सातपुड्याच्या पायथ्याला तुरीच्या आड ती झाडं लावली म्हणून पोलिसांनी ज्या पोराला नेलं, आपल्याकडे कापूस वेचायला यायचा तो, त्याला लागवडीच्या कलमाखाली दहा वर्षांपर्यंत होऊ शकते. त्याच्या आईला तुम्ही वकिलासाठी पैसे दिलेत हे छोटीने सांगितलं. मी इथे तेच झाड दर तासाच्या पगारावर विकते आणि टाळी वाजवून "हॅव अ गुड वन" म्हणते. यावर काय म्हणायचं मला सुचत नाही. तुम्हीही काही म्हणू नका.

पगार बरा आहे. सुपरवायझरचा अनुभव पुढे पीआरच्या, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याच्या अर्जात धरला जातो. दुसरं काही मिळेपर्यंतच, असं म्हणणार होते, पण फार्मसी बोर्डाच्या परीक्षेची फी याच पगारातून भरली आहे, तेव्हा तसं म्हणणं बरं दिसत नाही. पहिला पेपर या वर्षी देते. अभ्यास रात्री करते, झोप पुरते. न्यू जर्सीच्या मावशीकडे मेमध्ये लग्नाला जमणार नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात हा अजून गुन्हाच आहे, सीमेवर "काम काय करता?" असं विचारतात आणि मला तिथे खोटं बोलायचं नाही. मावशीला रजा नाही म्हणून सांगा.

कर्जाचा हप्ता आणि छोटीच्या कॉलेजची फी दोन्ही १० तारखेपर्यंत जमा होतील. मागच्या महिन्याचे पैसे नानांनी अजून काढलेले नाहीत, असं छोटी म्हणाली. नाना, ते पडून ठेवू नका. गहाण आपलं शेत आहे, व्याज चालूच आहे. हवं तर माझे पैसे फक्त बँकेत भरा, घरखर्चाला वापरू नका. देवाच्या कामाला तर नकोच. पण भरा.

जळगावच्या स्थळाचं आईने विचारलं. मुलगा बरा वाटला, फोनवर नीट बोलला. त्याच्या घरी "कॅनडात फार्मसीत आहे" असं सांगितलंय म्हणे. कोणी सांगितलं हे मी विचारत नाही. पण दुसऱ्या भेटीच्या आत त्यांना दुकानाचं सांगा. तुमच्याने होणार नसेल तर मी सांगते, मला इथे रोज कुणाला ना कुणाला सांगावंच लागतं. नाही म्हणाले तर म्हणू देत. आईने रडू नये.

आजीला, काका-काकूंना नमस्कार. छोटीला आशीर्वाद आणि अभ्यासाची आठवण.

तुमची,
ताई

ता. क. बायोडेटा पुन्हा छापणार असाल तर उंचीही दुरुस्त करा. पाच फूट दोन आहे, चार नाही.