मूग वर, टाळ्या खाली

मा. संपादक,
स. न.

ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला यांनी २०२५च्या जून-जुलैत आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात मूग आणि मेथी रुजवली, ती बातमी मी आठवीच्या वर्गात वाचून दाखवली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मुळं खाली जातात ना? मग तिथं खाली कुठंय?" अख्खा तास त्यातच गेला आणि पोर्शन मागे पडला. (पोर्शन गेला खड्ड्यात, असे शिक्षिकेने लिहू नये.)

धारवाडच्या शास्त्रज्ञांनी आखलेल्या या प्रयोगाची जोडी वर्गात सहज लावता येते. काचेच्या ग्लासला आतून ओला टिपकागद लावायचा, कागद आणि काचेमध्ये मूग ठेवायचे. मूळ फुटले की ग्लास आडवा करायचा. दुसऱ्या दिवशी आमच्या मुगाची टोके पुन्हा जमिनीकडे वळलेली होती. मुळाच्या टोकाशी पेशींत पिठूळ कण असतात. ते तळाशी बसतात आणि मुळाला खालची दिशा कळते. स्थानकात ते कण बसणार कसे?

यावर सगळा वर्ग ओरडला, "तिथं गुरुत्वाकर्षण नसतं!" स्टाफरूममध्येही हेच ऐकले आहे. स्थानक सुमारे ४०० किमी उंचीवर, पृथ्वीची त्रिज्या ६४०० किमी. दहावीच्या सूत्रात आकडे घालून पाहा, जमिनीवरच्या गुरुत्वाकर्षणाच्या ८८ टक्क्यांहून जास्त तिथेही असते. माणसे तरंगतात, कारण स्थानक आणि ती बरोबरीनेच पडत असतात. ताशी सुमारे २८,००० किमी वेगामुळे जमिनीवर न आदळता वळसा घालत राहतात. बाटलीला बुडाशी भोक पाडून, पाणी भरून, झाकण न लावता ती वरच्या मजल्यावरून सोडली, तर पडतापडता धार थांबते. मोबाइलवर हळू गतीत मुलांनी ते दहा वेळा पाहिले. खर्च शून्य, शिपाईमामांची बोलणी तेवढी खावी लागली.

आम्हाला वरून मागितले जातात ते मात्र थेट प्रक्षेपण पाहतानाचे फोटो आणि उपस्थितीचा आकडा. मुलांनी पुढे काय करून पाहिले, हे कोणी विचारत नाही. २०१३ साली कॅनडाच्या ख्रिस हॅडफिल्ड यांनी स्थानकात ओले फडके पिळून दाखवले. पाणी ठिबकले नाही, फडक्याला आणि हातांना चिकटून राहिले. तो प्रयोग नोवा स्कोशियातल्या दोन शाळकरी मुलींनी सुचवला होता. २०३५पर्यंत भारताचे स्वतःचे स्थानक उभारायचे ठरले आहे. त्यात काय करून पाहावे, हे आमच्या मुलांनाही आधी विचारावे.

आपल्यालाही एक विनंती. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांशेजारी, स्थानक आपल्या भागातून कधी आणि कोणत्या दिशेला दिसेल, हे आठवड्यातून एकदा छापता येईल का? दुर्बीण लागत नाही, आणि आमच्या शाळेची गच्ची मोकळीच असते.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, जि. सातारा