मोरजीची ट्यूब आणि रोहनची पिशवी

फोंडा, रविवार

प्रिय दत्ता,

सहा महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालशील, घाल. इकडे सगळं ठीक. माझी शुगर आणि आईचे गुडघे जिथल्या तिथे. लिहायला बसलो कारण परवा ही म्हणाली, "पोरगा बापावर गेलाय," आणि त्याचा अर्थ तुझ्याशिवाय कुणाला कळणार?

रोहन दोन मित्रांबरोबर गुलमर्गला चाललाय. गेल्या वर्षी स्कीइंगचा कोर्स केला, आता गोंडोलाने, म्हणजे तिथल्या रोपवेने, वर जाऊन आखलेल्या उतारांच्या बाहेर उतरायचंय. त्यासाठी हिमस्खलनात वापरायची एअरबॅग, म्हणजे आत फुगा असलेली पाठपिशवी, आणली. हॉलमध्ये पाठीला लावून मूठ ओढली. फस्स! तीनेक सेकंदांत मानेमागे दीडशे लिटरचा नारिंगी फुगा, भिंतीवरचे आजोबा खाली, आणि आई "गॅस गेलो, गॅस!" करत बल्कांवात. मी ओरडलो. सिलिंडर रिकामा झाला, आता गोव्यात तो भरून कोण देणार, सायकलवाला?

रात्री वाचत बसलो तेव्हा कळलं, ओढून बघितलं तेच बरं केलं. 2014 च्या एका अभ्यासात, हिमस्खलनात गंभीरपणे सापडलेल्यांपैकी फुगा फुगलेले 11 टक्के दगावले, न फुगलेले 22. पण पाचांत एकाचा फुगलाच नव्हता, आणि बहुतेकदा मूठच ओढली नव्हती. ऐनवेळी हात जायला सवय लागते. फुगा पाण्यावरल्यासारखा तरंगत नाही हं. चिवड्याचा डबा हलवला की खोबऱ्याचे काप वर येतात ना, तसा मोठा जिन्नस वर राहतो. झाडावर, खडकावर आपटलास किंवा घळीत भरलास तर त्याचा काय उपयोग? गाडला गेलास तर सोबत्यांनीच बीकनने, म्हणजे प्रत्येकाच्या अंगावरच्या सिग्नलच्या यंत्राने, शोधून, काठी खुपसून, खणून काढायचं, तेही पंधराएक मिनिटांत. आणि या तिघांत फावडी दोन!

मला खुपलं ते वेगळंच. मांड्यांमधून घ्यायचा पट्टा खाली लोंबत होता. तो नसेल तर बर्फ पिशवी डोक्यावरून ओढून नेईल. विचारलं तर म्हणतो, "बाबा, टोचतो तो."

दत्ता, ती हवा भरलेली ट्यूब नसती तर श्रावणात आपण मोरजीच्या समुद्रात गुडघाभर पाण्याच्या पुढे गेलो असतो का? "ट्यूब आहे ना," असं तू म्हणालास. तू म्हणशील मी म्हणालो. चालू दे, तीस वर्षं चाललंय. रोहनला मी ती गोष्ट अर्धीच सांगितलीय, हसण्यापुरती. उरलेली तू सांग. तुझं तो ऐकतो. जाऊ नको म्हणू नकोस, तिसरं फावडं घे म्हण, आणि वर हिमस्खलनाचा इशारा असेल त्या दिवशी खाली बसून कहवा पी म्हण.

मुग्धाचं ठरलं म्हणे, अभिनंदन. कमरेचं काय झालं? बदलीचं कळव.

तुझा,
सदा

ता. क. पट्टा टोचत नाही. सगळे झोपल्यावर मी लावून बघितला.