आजींच्या शेजारी

प्रिय आई-बाबा,
जय ख्रिस्त.

फोनवर नीट बोलता आलं नाही. इथे पूरग्रस्त भागात रेंज येते-जाते, आणि आई, तू रडायला लागलीस की मला पुढचं सुचत नाही. म्हणून लिहितेय. मी बरी आहे. गमबूट, हातमोजे, मास्क घालूनच कामाला जाते.

काम म्हणजे मुख्यतः चिखल. पुराचं पाणी ओसरलं तरी घरात गाळ राहतो. तो ओला आहे तोवरच उपसावा लागतो, वाळला की फरशी सोडत नाही. भिजलेल्या गाद्या दोन दिवस आत राहिल्या तर बुरशी धरते. काल एका आजींचं घर उपसताना फावड्याला काहीतरी अडकलं. चाचपून पाहिलं तर फोटोंचा अल्बम, पानं एकमेकांना चिकटलेली. आजींनी तो मांडीवर घेतला आणि मला विचारलं, "पोरी, आम्ही असं काय पाप केलं होतं गं?"

बाबा, देवाची योजना, विश्वासाची परीक्षा, तुम्ही संडे स्कूलमध्ये शिकवलेलं सगळं ओठांवर आलं होतं. पण आठवला तो बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायातला शिलोहाचा बुरूज. तो पडून १८ माणसं मेली. ती इतरांपेक्षा जास्त अपराधी होती का, असं विचारून प्रभू येशू स्वतःच 'नाही' म्हणाला. मीही तेवढंच म्हणाले, "नाही हो आजी," आणि त्यांच्या शेजारी बसले. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. बोलायला लागले आणि तिथेच बिघडलं.

आमच्या गटात एकांनी सुचवलं, मदतीच्या पिशवीत धर्मप्रचाराच्या पत्रिका घालू या. मी नको म्हणाले, थोडी वादावादीही झाली. रेडक्रॉस आणि इतर मदतसंस्थांची १९९४ची आचारसंहिता आहे: मदत गरज बघून द्यायची, तिच्या आडून धर्माचं किंवा राजकारणाचं मत पुढे रेटायचं नाही. माझ्यासाठी तो नुसता नियम नाही. येशूच्या दाखल्यातल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या परक्या जखमी माणसाला काही विचारलं का? जखमा बांधल्या, उतारशाळेत नेलं, खर्चाचे पैसे दिले. आणि मत्तय २५मध्ये "मी भुकेला होतो", गरजूंसाठी केलं ते माझ्यासाठीच केलं, असं म्हणणारा प्रभूच जर त्या घरात बसला असेल, तर त्याच्या हातात मी पत्रिका कशी देऊ?

सकाळी छावणीत पाण्याची नोंद माझ्याकडे असते. माणशी दिवसाला किमान १५ लिटर मिळालं पाहिजे. बादल्या मोजता मोजता प्रार्थना होते, खरंच सांगते.

आई, तू विचारलंस कधी येणार. आजींच्या मागच्या दोन खोल्या राहिल्यात, त्या झाल्या की निघते. अल्बममधले फोटो हळूच सुटे करून, स्वच्छ पाण्यातून काढून, चेहरे वर ठेवून वाळत घातलेत. तीन वाचलेत. एकात आजी लग्नातल्या आहेत.

तुमची,
लेक