गिलावा काढण्याआधी

अमळनेर,
७ मे

प्रिय बापू,

स. न. वि. वि.

फोटो मिळाला. चोपड्याच्या घरातलं माजघर लगेच ओळखलं. आजोबांच्या तसबिरीखाली हातभर गिलावा उडवलाय आणि आतून तांबड्या विटा दिसताहेत. खाली तू लिहिलंयस, "घराच्या सगळ्याच भिंती अशा मोकळ्या करतो. पोरांना फार आवडलंय. तुझं घर तर तसंच आहे, तू काय म्हणतोस?"

आधी मिस्त्रीला फोन करून काम थांबव. मग हे पत्र सावकाश वाच.

माझ्या भिंती मला आजही आवडतात, हे पहिल्यांदा सांगतो. दहा पावसाळे झाले या घरात. सकाळी पूर्वेकडून तिरपं ऊन आलं की प्रत्येक थराखाली सावलीची बारीक रेघ उमटते आणि सगळी भिंत विणल्यासारखी दिसते. एक वीट दुसरीसारखी नाही. भट्टीच्या मधोमध भाजलेली लालबुंद, कडेची पिवळट, जाळाजवळची जांभळी. जेवायला बसतो तिथे माझ्या डाव्या हाताला, खालून सातव्या थरात, एका विटेवर करडाचा खूर उमटलाय. विटा थापून वाळत घातल्या असतील तेव्हा ते वरून पळत गेलं असणार. नंतर ते दिसूनही कोणी वीट मोडली नाही, तशीच भट्टीत रचली. धाकटी लहान होती तेव्हा रोज जेवताना त्या खुरात एक शेंगदाणा ठेवायची. गिलावा असता तर ते करडू मला कधी भेटलं नसतं.

हे वेड कुठून आलं ते तुला ठाऊक आहे. कॉलेजात असताना आपण सुरतेची गाडी धरून अहमदाबादला गेलो होतो. तिथल्या आयआयएमच्या त्या प्रचंड गोल कमानीत तू उभा होतास आणि मी विटेवरून हात फिरवत होतो. लुई कान या अमेरिकन वास्तुविशारदाने १९६२ पासून त्या इमारती आखल्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच वाटलं होतं, की आपल्याकडे गरिबाघरची समजली जाणारी वीट इथे राजासारखी उभी आहे.

"गरिबाघरची" हा शब्द मुद्दाम लिहिला. आपल्या गावात बिनगिलाव्याचं घर म्हणजे पैसे संपलेलं घर. वास्तुशांतीला आलेल्या शेजारच्या आजींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "पैसा सरी ग्यात का भाऊ?" त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. आईला ते फार लागलं. आणि पहिला श्रावण आला तेव्हा तिचं दुःख मला नीट कळलं. कानबाई देवी घरी बसवायच्या आधी सगळं घर चुन्याने पांढरं करायचं, हे तिने सासरी आल्यापासून दरवर्षी केलेलं. ती हातात कुंचा घेऊन ओसरीत उभी राहिली आणि म्हणाली, "आता चुना कशाला लावू?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सुंदर भिंतींच्या गोष्टी मी खूप वाचल्या होत्या, पण कानबाईच्या घराला पांढरेपण लागतं हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

गिलाव्याचे पैसे वाचतील असं तुझ्या मनात असेल, तर ते काढून टाक. उघड्या भिंतीला निवडक वीट लागते. आमचा गवंडी प्रत्येक वीट दुसरीवर वाजवून बघायचा. खणखणीत वाजली, कोपरे शाबूत असले, की ठेवायचा. दर हजारात अडीच-तीनशे विटा बाजूला पडायच्या. त्या आतल्या भिंतींना आणि शोषखड्ड्याला वापरल्या. शिवाय नऊ इंची भिंतीची एकच बाजू सुतात येते. हाताने थापलेल्या विटा लांबीला थोड्या कमीजास्त असतात, म्हणून बाहेरची बाजू ओळंब्यात धरली की आतली मागेपुढे होते. दोन्ही बाजू उघड्या हव्या असतील तर गवंडी तेवढ्या तोलाचा हवा आणि मजुरीही तशी. वर दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, भरायचं काम वेगळंच. आमचे सतरा दिवस नुसत्या दर्जांत गेले.

आता लोणा. यावर जरा जास्त लिहितो, कारण तुझ्या घराचा खरा धोका तोच आहे. विटेच्या मातीत क्षार असतात, वाळूत असतात, सिमेंटमध्ये असतात, आणि आपल्या बोअरच्या पाण्यात किती असतात ते घरातल्या हंड्याचा तळ बघून सांगता येतं. भिंतीत पाणी शिरलं की क्षार विरघळतात, पाण्याबरोबर पृष्ठभागापर्यंत येतात, पाणी उडून जातं आणि पांढरी भुकटी मागे उरते. ती कोरड्या ब्रशने झाडता येते. पाण्याने धुवायची नाही, धुतली की विरघळून परत आत जाते. पण क्षाराचे खडे विटेच्या पृष्ठभागाच्या आत धरू लागले, तर ते विटेचा पापुद्राच ढकलून पाडतात. आमच्या बैठकीच्या खिडकीत कुलर आहे. उन्हाळाभर त्यात बोअरचं पाणी. त्याचे थेंब खाली भिंतीवर ओघळायचे आणि तिसऱ्या उन्हाळ्यात तिथे पांढरा पट्टा उठला. बोटाने खरवडलं तर नखात लाल भुकटी आली. गिलावा असता तर रंगाचा पोपडा निघाला असता आणि तो परत लावता आला असता. विटेचा चेहरा गेला तो गेला.

त्यावर एकाने सांगितलं म्हणून आम्ही सगळ्या भिंतींना चकचकीत वॉर्निश मारलं. ते करायला नको होतं. वॉर्निशचा थर बाहेरचं पाणी अडवतो तसं आतलंही अडवतो. आतली ओल बाहेर पडू शकली नाही आणि दुसऱ्याच पावसाळ्यात थराखाली फुगे आले. मग ते सगळं घासून काढलं आणि सिलेन-सिलॉक्सेनचं द्रावण मारलं. त्याचा थर दिसत नाही. ते विटेच्या छिद्रांत मुरतं, पाणी आत घेत नाही आणि वाफ मात्र बाहेर जाऊ देतं. काही वर्षांनी पुन्हा मारावं लागतं, पण भिंत श्वास घेते.

ऊन तर तुला सांगायला नकोच, तूही याच तापीकाठचा. पण एक गोष्ट मला घरात राहिल्यावर कळली. नऊ इंची भरीव वीट दुपारचं ऊन लगेच आत येऊ देत नाही, ते पोटात साठवते आणि रात्री सोडते. वैशाखात रात्री अकरा वाजता आमच्या निजायच्या खोलीतल्या पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावला, की तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळाला लावल्यासारखं वाटायचं. आजूबाजूची धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, घरं तेव्हा गार पडलेली असायची. पांढऱ्या मातीच्या हात-दीड हात जाड भिंती आणि वर खारी माती टाकलेलं धाबं, आपल्या म्हाताऱ्यांनी हे उगाच केलं नव्हतं.

केरळात लॉरी बेकर यांनी उघड्या विटेत आयुष्य घालवलं. स्वस्त आणि देखणी घरं बांधली. १९९० साली पद्मश्री मिळाली. विटा उभ्या लावून भिंतीच्या पोटात पोकळी ठेवायची त्यांची पद्धत, रॅट-ट्रॅप बाँड म्हणतात ती, सुमारे पाव हिस्सा विटा वाचवते आणि पोकळीतल्या हवेमुळे उष्णताही अडते. आमची पूर्व आणि उत्तर भिंत तशी आहे आणि त्या दोन्ही खोल्यांत खरंच फरक जाणवतो. पण बेकरांच्या घरांना पुढे झुकलेली खोल छपरं आहेत, भिंतीवर पाऊस थेट येतच नाही. आम्ही वीट घेतली आणि छप्पर घ्यायला विसरलो. सपाट स्लॅब, वर नऊ इंचांचा छज्जा. नैर्ऋत्येचा पाऊस वाऱ्यावर आडवा येतो आणि पश्चिमेची भिंत सगळी न्हाऊन निघते.

शेवटी सहाव्या वर्षी त्या भिंतीला बाहेरून चुन्याचा गिलावा केला आणि पुढे पत्र्याची पडवी काढली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्या श्रावणात आईने सकाळीच कुंचा भिजवला आणि एकटीने ती अख्खी भिंत पांढरी केली. दरवर्षी करते. कोणाला हात लावू देत नाही.

लहानसहान गोष्टीही ऐक. वायरिंगच्या नळ्या भिंत चढताना आतच घालाव्या लागतात. नंतर एक बोर्ड वाढवायचा म्हटला तर पांढरी पट्टी भिंतीवरून मिरवत नेण्यावाचून इलाज नाही. खिळा विटेत ठोकायचा नाही, दर्जात ठोकायचा. खोली काळोखी होते, तांबडी वीट उजेड खाते. आम्ही नंतर दोन दिवे वाढवले. चैत्रातल्या वावटळीची धूळ प्रत्येक खाचेत बसते आणि दर आठ दिवसांनी झाडावी लागते. आणि कुंभारीण! त्या माशीला खोल दर्जा म्हणजे तयार घरच. दर पावसाळ्यात ती मातीचे गोळे आणून तीन-चार खोल्या बांधून जाते. आमच्या हिला त्रास होतो, मला मात्र तिचं काम बघत बसायला आवडतं.

आता तुझ्या घराकडे येतो. माझ्या भिंती पहिल्या थरापासून उघड्या राहण्यासाठीच रचल्या होत्या. वीट निवडलेली, सांधे मोजलेले. तुझ्या आजोबांची भिंत गिलाव्याखाली राहण्यासाठी रचलेली आहे. तुझा फोटो मोठा करून बघितला. सांध्यात सिमेंट नाही, चुनाही दिसत नाही, माती आहे. विटा मातीत चिणल्यात. अशा भिंतीचं कातडं म्हणजे तो गिलावा. बाहेरून तो काढलास तर पहिल्या मोठ्या पावसात सांध्यातली माती वाहून जाईल आणि विटा दातांसारख्या हलायला लागतील. आमच्या नात्यातल्या एका घरात, तुझ्यासारखंच चांगल्या मनाने, बाहेरची भिंत उघडी केली होती. दोन पावसाळ्यांत आतल्या बाजूला ओल कमरेपर्यंत चढली आणि मग घाईघाईने सिमेंटचं प्लास्टर मारलं. ते आणखी वाईट झालं. सिमेंटने ओल आत कोंडली आणि वर्षभरात प्लास्टर पत्र्यासारखं सुटून आलं. जुन्या मातीच्या-विटेच्या भिंतीला चुनाच हवा, तो ओल बाहेर जाऊ देतो.

अहमदाबादचीच गोष्ट पुन्हा सांगतो. डिसेंबर २०२० मध्ये त्याच आयआयएमने लुई कानच्या १८ पैकी १४ वसतिगृहं पाडायचं ठरवलं होतं. गळती, सुटून पडणारे तुकडे, झिजलेल्या विटा, २००१ च्या भूकंपात झालेलं नुकसान, अशी कारणं होती. जगभरातून विरोध झाल्यावर १ जानेवारी २०२१ ला तो निर्णय मागे घेतला, पण दुखणं संपलं नाही. २०२२ मध्ये पुन्हा तोच विषय निघाला. त्या बातम्या वाचून मी दोन दिवस बेचैन होतो. एवढ्या मोठ्या माणसाच्या हाताखालची वीट ऊन-पावसाने थकते, तर चोपड्याच्या विटेकडून किती मागायचं?

तरीही तुझी हौस मोडावी असं मला वाटत नाही. एक भिंत आहे. माजघर आणि देवघराच्या मधली. तिच्या दोन्ही बाजूंना पाऊस नाही, नळ नाही, कुलर नाही. ती एकटीच उघडी कर. इलेक्ट्रिक ब्रेकर अजिबात लावू देऊ नकोस, त्याच्या थरथरीने धाब्याच्या लाकडी कड्यांची टोकं बसलेली जागा सैल होईल. छिन्नी-हातोडीने, वरून खाली, हळूहळू. मग सांध्यातली माती बोटभर उकरून चुना-वाळूने दर्जा भर. बाकीच्या भिंतींवर जिथे गिलावा ठोकल्यावर पोकळ वाजतो तिथे तेवढाच काढून चुन्याचा कर.

आणि रविवारपर्यंत एक काम कर. गिलावा काढताना एखादी वीट सैल निघाली असेल तर ती उन्हात दोन दिवस कोरडी कर आणि वाण्याकडे वजन करून घे. मग चोवीस तास पाण्यात बुडवून पुन्हा वजन कर. पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढलं, म्हणजे तीन किलोची वीट सहाशे ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायली, तर ती उघडी ठेवायच्या लायकीची नाही. लोणा उठतो का ते बघायला तिच्या जोडीची दुसरी वीट परातीत उभी ठेव आणि बोटभर पाणी घाल. पाणी चांगलं घे, बोअरचं नको.

इथे बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांच्या यात्रेची दुकानं लागली आहेत, घर पाहुण्यांनी भरलंय. गर्दी सरली की रविवारी सकाळच्या एस.टी.ने येतो, सोबत आमच्या गवंड्याला आणतो. वहिनींना सांग, कळण्याची भाकरी आणि ठेचा पुरे. काकूंना नमस्कार.

परातीतलं पाणी आटलं की आणखी एकदा भर. पांढरं दिसलं तरी पुसू नकोस, मला बघू दे.

तुझा,
नाना